अवसेची भरती

बैठक ठरवायची म्हटली की म्हात्रेसर आधी विचारत, "तिथी काय रे?" पदार्थविज्ञानातले डॉक्टर, सरकारी विज्ञानसंस्थेचे संचालक, आणि भिंतीवर तिथ्यांचं कॅलेंडर! आम्ही कनिष्ठ मंडळी पाठीमागे हसायचो. मी जरा जास्तच.

सर पेणच्या खाडीकाठचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले; गावात त्यांना नाना म्हणत. प्रयोगशाळा सुटून खुर्ची आली तरी म्हणत, "खुर्चीत बसून पाणी खारं की गोडं ते कळत नाय, बाबा." मी रोह्याचा, म्हणजे आपल्याकडचा, माझ्या कागदांवर ते डोळे झाकून सही करत.

खाडीचा बांध झिरपतोय, अशी त्यांच्याच गावाची तक्रार आली. भरती-ओहोटीला बांधाच्या आतल्या पाण्याचा खारटपणा मोजायचं काम माझ्याकडे आलं. दोनदा गेलो. तिसऱ्यांदा चिखलाचा कंटाळा आला. पेणच्या स्टँडवर चहा पीत मी आकडे मनानेच भरले : दुपारी बारा, ओहोटी. बांधाला धोका नाही, असा अहवाल गेला. दुरुस्ती लांबली आणि सरांच्या गावच्या जनाकाकींचं बांधालगतचं भाताचं शेत खाऱ्या पाण्याखाली गेलं.

चौकशीला त्या आल्या. अहवालातली तारीख ऐकून बोटांवर मोजत म्हणाल्या, "त्या दिशी अवस व्हती. अवसेला दुपारी बाराला भरती आसते. मंग ओहोटीचं पानी कुठनं आनलं?"

सरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. बोलायला मला पुरेसा वेळ होता. मी पेनचं टोपण काढत-लावत बसलो. त्या टोपणाची आजही लाज वाटते.

"सही माझी हाय, काकी," सर म्हणाले. "चूक माझी."

त्यांचं पद गेलं. माझं काहीच गेलं नाही.

बऱ्याच वर्षांनी पेणला त्यांच्या घरी गेलो. ते अंथरुणाला खिळले होते. पाय धरून सगळं कबूल केलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "पण माफी मला कशाला? जनाकाकी अजून हाय. तिला सांग."

"सांगतो," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात सर गेले. त्यांना पोचवायला जनाकाकी काठी टेकत आल्या होत्या. माझ्यापाशी थांबल्या.

"तुमी नानाच्या हापिसातले ना? चूक केलीन त्यानं, पन मानूस वायट नव्हता."

मी मान डोलावली आणि रोह्याची गाडी पकडली.