दुर्बीणकाकांची रानमेथी

दुर्बीणकाकांच्या मते जगात माणसं दोनच जातींची. एक स्वर्गीय नर्तक आणि दुसरी रानमेथी. नर्तक म्हणजे जंगलातला तो पांढराशुभ्र पक्षी. वीतभर अंग, त्याला फितीसारखी लांबलचक शेपटी, गर्द सावली सोडून कुठं बसणार नाही. रानमेथी म्हणजे गव्हात न पेरता उगवणारं तीन पानांचं तण. उपटा, ढोरांपुढं टाका, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हजर! हर्सूलच्या आमच्या गल्लीत नर्तक एकच, ते स्वतः. माझ्या लग्नात आहेर देताना माझ्या नवरीला म्हणाले, "तण आहे, पण निरुपद्रवी." मला अजून हसू येतं. बायकोला येत नाही.

काकू पाचोडच्या, खेड्यातल्या. पाहुण्यांना काका ओळख करून देत, "ही आमची रानमेथी. सासऱ्यांनी पेरली, मला उपटता आली नाही." काकू पोहे वाढत राहत.

एका मे महिन्यात काकांना गौताळ्याच्या जंगलात ओढ्याकाठी नर्तकाचं घरटं सापडलं. कॅमेरेवाले मित्र निघाले. डबे उचलायला मी आणि काकू. तिथं काकांनी पिशवीतून बागेची कात्री काढली आणि फोटोच्या आड येणाऱ्या डहाळ्या छाटायला लागले.

"अहो, झाकलेलं ऱ्हाऊ द्या की. लेकरं उघडी पडतील."

"मेथीनं बोलू नये."

आम्ही भाकरीचं फडकं सोडलं आणि शिक्रा आला, पाखरं मारून खाणारा शिकारी पक्षी. एक पिल्लू नेलं. चटणी संपायच्या आत दुसऱ्यासाठी परत आला. मग मादी चोचीत पतंग धरून आली आणि रिकाम्या घरट्यावर वाकून राहिली. काकांनी तेवढ्यात बटण दाबलं.

त्या फोटोला बक्षीस मिळालं. नाव दिलं, 'वात्सल्य'. दिवाणखान्यात भलीमोठी फ्रेम लागली. पाहुणे हरखून बघत आणि काकू चहाचा ट्रे घेऊन येत.

"पिल्लं दिसत नायत ना? शिक्र्यानं खाल्ली. डहाळ्या ह्यांनीच छाटल्या. साखर बरोबर हाय का?"

पाहुण्याचा कप ओठाशीच थांबे. तो चेहरा बघायला मी मुद्दाम नवे पाहुणे घेऊन जाई. काका चिडत, विनवत, शेवटी हात जोडत. काकूंचं उत्तर ठरलेलं, "मेथी हाय मी. उगवणारच." हळूहळू काकांकडं कुणी येईनासं झालं. गळ्यातली दुर्बीण कपाटात गेली. गल्लीत कुणाला जात लावायचंही त्यांनी सोडलं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. तेराव्याला गेलो तर भिंतीवर पक्षी नव्हता, हार घातलेले काका होते.

"काकू, नर्तक कुठं गेला?"

"काढला की," काकू पदरानं काच पुसत म्हणाल्या. "ह्यांच्यासाठी नवा खिळा कशाला ठोकायचा?"