काठ नसलेली गाठ

"फाटलं," इब्राहीमचाचा पडद्याआडून म्हणाले आणि आमच्या सर्जनसाहेबांचा हात थांबला.

ऑपरेशन चालू होतं. पेशंट बोलला यात नवल नव्हतं. पाठीच्या कण्यात सुई देऊन आम्ही त्यांचं कमरेखालचं अंग बधिर केलं होतं. अशा वेळी माणूस जागाच असतो. पण मधे जाड कापड होतं. त्यांना काही दिसत नव्हतं. साहेबांनी विचारलं, दुखतंय का?

"दुखत नाय साहेब. उजवीकडं फाटलं."

मी त्यांच्या मांडीला सुई टोचून पाहिली. त्यांना पत्ताच नव्हता. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. साहेबांनी नुसतं 'हं' केलं आणि सुटलेली गाठ ट्रेमध्ये ठेवली.

ही एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या एका लहान इस्पितळात मी असिस्टंट होतो. देवळ्याच्या आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. इब्राहीमचाचा येवल्याचे, पैठणी विणणारे, साठी उलटलेले. लघवी तुंबली म्हणून आले होते.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली, लघवीच्या नळीभोवती असलेली सुपारीएवढी ग्रंथी. म्हातारपणी ती साधी वाढली, तर सालीतून संत्रं सुटावं तशी बोटाने सुटते. कॅन्सर झाला की दगडासारखी होते आणि आजूबाजूला चिकटते. मग ती आवरणासकट काढावी लागते. टणकपणा ग्रंथीची कड ओलांडून गेला असेल, पेशंट उशिरा आला असेल, हात घालायला जागा अरुंद असेल, तर थोडा कॅन्सर मागे राहण्याचा धोका. चाचांच्या बाबतीत तिन्ही गोष्टी होत्या.

आदल्या दिवशी मी बोटाने तपासलं, तेव्हा उजवीकडे मला कड लागलीच नव्हती. साहेबांना तसं सांगितलं. ते हसले.

"डॉक्टर, तुम्ही एम.बी. झालात. तुमचं बोट अजून मॅट्रिकला आहे."

राग आला. पण केसपेपरवर काही लिहिलं नाही. ऑपरेशननंतर साहेबांनी नोट सांगितली ती मात्र निमूट लिहिली: गाठ संपूर्ण काढली. म्हणजे जखम भरली की चाचा घरी, मागावर. काही राहिलं असतं तर एकच उपाय होता, मुंबईला जाऊन रेडियमचे किरण घेणं. तेही लवकर.

तिसऱ्या दिवशी चाचांनी गाठ मागितली. आमच्यात शरीराचा तुकडा टाकत नाहीत, पुरतात, म्हणाले. मी बरणीतून काढून, धुऊन त्यांच्या तळहातावर ठेवली. भर दुपार होती. त्यांची नजर अधू झालेली, म्हणून डोळे मिटूनच त्यांनी ती चाचपायला घेतली. लुगड्याचा काठ तपासावा तसं बोट कडेकडेने फिरत गेलं. बोट एका जागी थांबलं.

"डॉक्टरसाहेब, याला तीन बाजूंनी काठ हाय. इथं नाय. बाकीचं कुठंय?"

"एवढंच निघालं, चाचा."

"निघालं ते कळलं. राहिलं किती?"

आदल्या तपासणीत मला जिथे कड लागली नव्हती, त्यांचं बोट नेमकं त्याच जागेवर होतं. त्यांनी गाठ परत माझ्या हातात दिली. अर्धंच कसं पुरायचं, म्हणाले.

त्यांना विचारून, साहेबांना न विचारता, मी तेवढी कड कापली आणि मुंबईला तपासायला पाठवली. रिपोर्ट आला: कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सर. तो मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"तुम्ही हे म्हणाला होतात."

"हो, सर."

"लिहिलं होतंत?"

साहेबांनी नोटमधला 'संपूर्ण' हा शब्द स्वतःच्या हाताने खोडला आणि रेडियमसाठी मुंबईला चिठ्ठी दिली.

चाचा मुंबईला जाऊन उपचार घेऊन आले आणि दोन वर्षं मागावर बसले. मग पाठीच्या मणक्यात दुखणं उतरलं, त्यातून उठले नाहीत. ती दोन वर्षं रेडियमची की त्यांची स्वतःची, हे मी सांगू शकत नाही. मुंबईला जायच्या आधी मी त्यांना विचारलं होतं, बधिर अंगात तुम्हाला फाटलेलं कळलं कसं?

ते चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला नाय आला आवाज?"

त्याचं उत्तर मला पुढे कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. शिकलो ते एवढंच: बोटाला जे लागलं ते ऑपरेशनच्या आधी कागदावर लिहावं. नंतर सांगितलं की त्याला सबब म्हणतात.