वाटणीतलं रुमणं

ऐंशीच्या दशकात अंधेरी स्टेशनहून कारखान्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये एक गृहस्थ मला रोज भेटत. अंगात सफारी, काखेत रेक्झिनची बॅग. बस सुटली की वरचा दांडा पकडत आणि शेजारच्याला दरडावत, "रुमणं धरा, रुमणं!"

रुमणं म्हणजे नांगराची मूठ. बसला बैल जुंपलेले नव्हते, तरी यांना 'दांडा' म्हटलेलं खपत नसे. "दांडा काय, खराट्यालाही असतो," म्हणत. पुढे पुढे कंडक्टरही "रुमणं धरून पुढे सरका" असं ओरडायला लागला. नव्यानेच मराठी शिकणाऱ्या एका केरळी नर्सबाईंनी तर तो शब्द बसचाच म्हणून पाठ केला.

सकाळी सकाळी ही शेतकी माझ्या डोक्यात जायची. एकदा मी खवचटपणे विचारलं, "काका, किती एकर नांगरलीत आजवर?"

"एक गुंठाही नाही," ते हसले. "जन्म भांडुपच्या चाळीतला. रुमणं नुसतं वडिलांच्या तोंडून ऐकलेलं."

बसने हिसका दिला. मूठ आवळत ते म्हणाले, "वडील गेल्यावर जमीन, बैल, नांगर, सगळं चुलत्यांनी घेतलं. हा शब्द तेवढा कुणी मागितला नाही."