नकाशातला काळा दगड

कचेरीत त्यांना सगळे सुईकाका म्हणत. भूकंपाच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या छोट्या केंद्रात ते लागले तेव्हा काम एवढंच होतं की रोज सकाळी फिरत्या रुळावरचा कागद बदलायचा, सुईत शाई भरायची आणि खोली झाडून घ्यायची. एकतीस वर्षांत कितीतरी साहेब आले नि गेले, सुई मात्र काकांच्याच ताब्यात राहिली. शिकलेल्या माणसांच्या पाठीशी उभं राहून ते इतकं शिकले की पुढे पुढे साहेबच विचारू लागले, "काका, हा धक्का कुठला असेल हो?"

काका मग कपाळावरचा चष्मा खाली ओढत आणि नवा माणूस समोर असेल तर पहिल्यापासून सगळं सांगत. धक्का बसला की जमिनीतून दोन लाटा निघतात. पहिली घाईची, पुढे-मागे ढकलत येते. दुसरी मागाहून येते, पण आली की आडवं हलवते आणि खरी वाट तीच लावते. दोघींच्या मध्ये किती सेकंद गेले ते मोजायचं, त्याला आठाने गुणायचं, साधारण तितक्या किलोमीटरवर धक्का. दिशा मात्र एकट्या सुईला कळत नाही. म्हणून नकाशावर तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढायचं, दुसऱ्या दोन केंद्रांना फोन लावून त्यांचीही वर्तुळं काढायची, आणि तिन्ही जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. काकांचं वर्तुळ सहसा चुकत नसे. त्याचा त्यांना ताठा होता, आणि तो ते लपवतही नसत.

बायको लवकर गेली. एकुलती एक लेक त्यांनी एकट्याने वाढवली, आणि बाबांना जमिनीच्या पोटातलं कळतं यावर तिचा लहानपणापासून विश्वास होता. लग्नानंतर ती शहाऐंशी किलोमीटरवरच्या गावात राहायला गेली. तिथे घर घ्यायची वेळ आली तेव्हा दोन घरं पसंतीला उतरली. एक टेकडीवरचं, जुनं, दगडी. दुसरं खाली सपाटीवर, नवं, नुकतं बांधायला घेतलेलं. तिचा जीव टेकडीवरच्या घरात अडकला होता.

"घाई करू नकोस," काका म्हणाले. "मी नकाशा बघतो."

कचेरीच्या भिंतीवर त्या भागाचा भूगर्भाचा नकाशा होता. टेकडी पिवळी होती, म्हणजे थराथरांचा वालुकाश्म. सपाटी गडद हिरवी, म्हणजे काळा कठीण दगड. काकांनी त्याच संध्याकाळी फोन केला. "खालचंच घे. खाली अख्खा काळा दगड आहे, धरणीकंप झाला तरी हलायचं नाही."

"सासरेबुवांच्या नकाशापुढे आमचं काय चालणार!" जावई मागून हसत म्हणाला. त्यांनी खालचं घर घेतलं.

चार वर्षं सुखात गेली. मग केंद्रात एक तरुण भूगर्भतज्ज्ञ बाई बदलून आल्या. एक दिवस त्या काकांच्या लेकीच्या गावात, त्याच सपाटीवर पाण्याच्या नव्या टाकीसाठी घेतलेल्या बोअरचा तक्ता घेऊन बसल्या होत्या. जमिनीत भोक पाडून काढलेल्या नमुन्यांवरून असा तक्ता करतात, सगळ्यांत खाली सगळ्यांत जुना थर आणि वर वर नवे. काकांनी सवयीने डोकावलं. वरून चाळीस मीटर नुसता नदीचा गाळ दाखवला होता, काळा दगड त्याच्या खाली.

"बाई, हा तक्ता चुकलाय," काका म्हणाले. "तिथे काळा दगड आहे. भिंतीवर बघा."

बाई उठल्या आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं. "काका, हा खडकाचा नकाशा आहे. वरची सैल माती काढून टाकली तर खाली काय दिसेल, ते यात दाखवतात. वर किती गाळ आहे ते यात कळत नाही."

ती बारीक अक्षरं काकांनी एकतीस वर्षांत कधी वाचली नव्हती. रंग पाठ होते, मग अक्षरं कशाला वाचायची?

"मग अशा गाळावर घर असेल तर?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"परातीत पाणी घेऊन परातीला धक्का द्या. परात जराशी सरकते, पाणी मात्र काठावरून सांडतं. गाळात लाटेचा वेग कमी होतो आणि हेलकावा वाढतो. पाया खोल असेल तर ठीक. साध्या पायाचं घर असेल तर मोठ्या धक्क्याला काही खरं नाही."

लेकीच्या घराचा पाया काकांनी स्वतः उभं राहून बघितला होता. कमरेएवढा खोल होता.

आता खरं तर त्याच दिवशी फोन करायला हवा होता. काकांनी केला नाही. समोरासमोर सांगू म्हणाले. मग चार वेळा लेकीकडे जाऊन आले. एकदा जेवताना त्यांनी सुरुवातही केली, "तुझं हे घर जरा..." लेकीने वर बघितलं, "काय बाबा?" आणि काका म्हणाले, "रंग द्यायला झालंय." जावयाने पुढच्याच महिन्यात रंग दिला, आणि सासऱ्यांना आवडेल म्हणून निळा दिला. काकांना कितीदा तरी वाटलं, इतकी वर्षं काही झालं नाही, आपल्या हयातीत कशाला होतंय. धक्के किती वेळा येतात आणि कसे न सांगता येतात, हे ज्याने जन्मभर मोजलं त्या माणसाने स्वतःची अशी समजूत घालावी, याला काय म्हणायचं? भित्रा म्हणायचं. दुसरा शब्द नाही.

दीड वर्ष असंच गेलं. एका सकाळी पावणेबाराला काका चहाचा कप खाली ठेवत असताना पायाखाली थरथरलं आणि सुई पिसाळली. त्यांनी कागदावर पट्टी लावली. अकरा सेकंद. अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. काकांनी कंपास बाईंपुढे सरकवला आणि वर्तुळ बाईंनी काढलं. ते लेकीच्या गावाला घासून गेलं.

दुसऱ्या केंद्राच्या वर्तुळाने ते दोन ठिकाणी छेदलं, एक दूर जंगलात आणि एक गावाजवळ. तिसऱ्या केंद्राचा फोन लागत नव्हता. मधल्या वेळात काकांनी लेकीला लावला, तो नुसताच वाजत राहिला. वीस मिनिटांनी तिसरं वर्तुळ आलं. धक्का गावापासून बारा किलोमीटरवर होता.

"बारा किलोमीटर म्हणजे गाव दगडावर असतं तर भिंतींना तडे गेले असते, एवढंच," बाई म्हणाल्या आणि त्यांचं लक्ष काकांच्या हातातल्या फोनकडे गेलं. मग त्यांनी विचारलं, "काका, तिथे तुमचं कोण आहे?"

नुकसानीची पाहणी करायला बाईंना जायचंच होतं. काका त्यांच्या जीपमध्ये बसले. टेकडीवर चारदोन कौलं पडली होती आणि एक बाई वाळलेले कपडे काढत होती. खालच्या सपाटीवर घरांच्या ओळीच्या ओळी खचल्या होत्या. निळ्या भिंतीचा एक तुकडा काकांना लांबूनच ओळखू आला.

लेक शाळेच्या मैदानावर होती. सकाळी ती कामाला गेली होती, म्हणून वाचली. जावई रात्रपाळी करून आला होता आणि झोपला होता. त्याला बाहेर काढून इतरांच्या रांगेत चादरीखाली ठेवलं होतं. काकांना बघताच ती त्यांच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.

मैदानाच्या कडेला पाचपन्नास माणसं एका म्हाताऱ्या गवंड्याला घेरून उभी होती. ती घरं त्याने बांधली होती. कोणीतरी त्याच्या थोबाडीत मारलेली दिसत होती. लेक काकांचा हात धरून तिकडे निघाली.

"या मेल्याने सिमेंट खाल्लं," ती ओरडली. "माझ्या बाबांनी नकाशा बघून जागा निवडली होती! जागा चांगली होती, यानेच घात केला."

गर्दीतून कोणीतरी वीट उचलली. गवंड्याने हात जोडले.

"मारू नका त्याला," काका म्हणाले. "त्याची चूक नाही. जागाच वाईट होती. खाली चाळीस मीटर गाळ आहे. मला नकाशा वाचता आला नाही."

वीट उचललेला हात हळूहळू खाली आला. लेक त्यांच्याकडे वळली.

"हे तुम्हाला आज कळलं?"

काकांना हो म्हणता आलं असतं. "दीड वर्ष झालं," ते म्हणाले.

तिने त्यांच्या हातातला आपला हात सोडवून घेतला. जाऊन नवऱ्याच्या उशाशी बसली आणि चादरीचं टोक नीट करू लागली. काकाही तिच्या मागे गेले आणि दोन पावलांवर उभे राहिले.

थोड्या वेळाने मृतांची यादी करणारा कारकून वही घेऊन आला. त्याने जावयाचं वय लिहून घेतलं, काम लिहून घेतलं, आणि मागे कोण कोण आहे ते विचारलं.

"मी एकटी," ती म्हणाली.

कारकुनाने पेन काकांच्या दिशेने केलं. "आणि हे? हे तुमचे कोण?"

"ते सरकारी कचेरीतून आलेत," ती वर न बघता म्हणाली. "नुकसान मोजायला."