त्यानं मुग्धाच्या नाड्या बांधल्या

त्या हिवाळ्यात मी दत्तमहाराजांकडे रोज एकच मागत होते, माझ्या लेकीचं, मुग्धाचं, आइस हॉकी सुटू दे. पुण्याहून ऑकलंडला, न्यू लिन या उपनगरात येऊन आम्हाला पाचेक वर्षं झाली होती. दर शनिवारी तिला गोलमध्ये उभी पाहताना माझा जीव मुठीत असायचा. बर्फाच्या त्या रिंकवर आमच्यासारखं दुसरं कुणीच नव्हतं. कॉफीच्या रांगेतसुद्धा मला परकं वाटायचं. आज मात्र तिच्या ओल्या हातमोज्यांचा तो कुबट वास आठवला तरी डोळे भरून येतात.

जुलैतली, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातली, एक मॅच. प्रेक्षकांतून एक माणूस तिच्यावर ओरडला, "गो होम, करी!" 'करी' म्हणजे आम्हा भारतीयांना हिणवायचा शब्द. आजूबाजूचे काही हसले. ब्रेकमध्ये मुग्धा आत आली, हेल्मेट काढलं, स्केट्सच्या नाड्या सोडल्या. "आई, आय अ‍ॅम डन. टेक मी होम."

मागितलेलं मिळालं होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि माझ्याच प्रार्थनेची मला लाज वाटली. 'महाराज, काय मागावं ते मला कळत नाही. तुम्हीच बघा,' एवढंच मनात म्हटलं.

कोच वाईट नव्हता. "लोक गंमत करतात गं, मनावर नको घेऊ," तो म्हणाला.

"मलाही लोक हेच सांगायचे," मागून कुणीतरी बोललं. कॅनडाहून त्या सीझनपुरता आलेला तो व्यावसायिक खेळाडू होता. काळा, दाराएवढा उंच. स्वतःच्या प्रॅक्टिसला तासभर आधीच पोचला होता. "गंमत त्यांना वाटायची. मी घरी जाऊन रडायचो."

कोच तडक उठून गेला आणि त्यानं त्या ओरडणाऱ्या माणसाला बाहेर काढलं.

इकडे तो धिप्पाड खेळाडू मुग्धासमोर गुडघे टेकून बसला. "तुला खरंच जायचंय?" त्यानं विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. त्यानं तिच्या नाड्या एकेक ओढून घट्ट बांधल्या. "फार आवळलं का?"

"नाह, स्वीट अ‍ॅज," म्हणजे एकदम झकास, असं इथल्या पोरांच्या बोलीत म्हणत ती बर्फावर परतली.

मॅच आम्ही हरलो. सीझनच्या शेवटी कोच आपणहून तिच्याकडे आला, म्हणाला, "त्या दिवशी मी चुकलो."

तो खेळाडू लवकर का आला होता, मी कधी विचारलं नाही. तेव्हापासून लेकीसाठी अमुकच दे असं मागणं मात्र सुटलं. माझ्या भीतीपेक्षा महाराजांना तिची जास्त ओळख आहे. तो कॅनडाला परत गेला, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. दर गुरुवारी आरतीनंतर मी ते महाराजांपाशी मानते. पोचत असतील.