रोहिदासने बंद केलेलं वारं

रावेतच्या जुन्या गावठाणातला रोहिदास घाईघाईने घरी आला आणि आपल्याच उंबऱ्यावर अडला. आत त्याची लेक होती. वेळेआधी जन्मलेली, एवढीशी, कालच दवाखान्यातून घरी आलेली. त्याची बायको प्राजक्ता माहेरी जायच्या आधीच बाळंत झाली. कंपनीच्या कामाला रेल्वेने चेन्नईला गेलेला हा गडी त्यापायी जन्मात पहिल्यांदा विमानात बसून आला होता. आणि आता बसला कुठे, तर अंगणात खाट टाकून, तोंडाला मास्क लावून!

"आरं, लेकीचं त्वांड तरी बघ," त्याची आई, गोजाबाई, दारातून म्हणाली.

"बघतो की. दमलोय जरा."

दमलेला माणूस अशा येरझाऱ्या घालत नाही. हा उठायचा, दारापर्यंत जायचा, परत फिरायचा. शेजारच्या अंबुबाईने लगेच अर्थ लावला, त्यात तिचा हात कोण धरणार? पोरगी झाली म्हणून बाप रुसलाय, म्हणाली. ते प्राजक्ताच्या कानावर गेलं. रात्री आतून तिचं मुसमुसणं ऐकू आलं, तेव्हा रोहिदासचं काळीज तुटलं.

पण खरं सांगायची त्याला लाज वाटत होती. विमानात शेजारचा माणूस सगळी वाट खोकत होता. डोक्यावरच्या भोकातून गार वारं येत होतं. वारं लागलं की सर्दी झालीच, हे आईचं बाळकडू. लेकाने ते भोक पिळून घट्ट बंद केलं. शेजाऱ्याचंही करून दिलं, तेवढाच परोपकार! आणि हा चाकणला कंपनीच्या पेंट शॉपमध्ये, रंगकामाच्या विभागात, कामाला. तिथे हवा वरून येते आणि रंगाचे कण खाली ओढून नेते. ब्लोअर बंद पडला की रंग थेट तोंडावर. नव्या कामगारांना हेच तो रोज ओरडून सांगतो. विमानातलं वारंही शेजाऱ्याचा खोकला असाच खाली नेत असणार आणि आपण तेच बंद केलं, हे विमानतळावरून घरी येताना त्याच्या डोक्यात आलं, आणि तेव्हापासून घसा खवखवायला लागला. खवखव खरी की भीतीची, हे त्याचं त्यालाच कळेना.

दुसऱ्या दिवशी खोकला आला. आता शंकाच उरली नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या बंद खिडकीबाहेर उभं राहून त्याने सगळं सांगून टाकलं.

"प्राजू, मला लेकच पाहिजे होती गं. पण डॉक्टरांनी तिच्या छातीला जपायला सांगितलंय, आणि मी हे विमानातून घेऊन आलोय. तिला हातात घेऊ कसा?"

मग त्याने आत बसलेल्या आईला हाक मारली.

"आई, मी लांब जातो. ती खिडकी उघड. आत शेगडीचा धूर कोंडलाय. हवा हलू दे."

गोजाबाईने भावकीतली कितीतरी बाळंतपणं केली होती. बाळंतिणीची खिडकी मात्र कधी उघडली नव्हती. "वारं लागंल की रं लेकराला," ती पुटपुटली. मग बाळाच्या टोपड्याचे बंद तिने आवळले, आणि खिडकीची कडी कुरकुरली.

"सर लांब!" ती ओरडली.

रोहिदास पेरूच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. खिडकीत प्राजक्ता आली, डोळे सुजलेले, आणि तिच्या हातात टोपड्यातलं इवलंसं तोंड. बघायला लागला तोच त्याला उबळ आली. पाठ फिरवून तो खोकला, खोकत राहिला. वळून बघतो तर प्राजक्ताने लेकीला आणखी उंच धरलं होतं.