खडीवर ऐकलेले चित्रपट

लातूरच्या एसटी स्टँडवर मी शिकायला म्हणून पुण्याच्या गाडीत बसले तेव्हा माय खाली उभी होती. तिनं खिडकीतून भाकरीचा डबा आत दिला आणि म्हणाली, "खिडकी भेटली न्हवं? मग झालं." कंडक्टरनं बेल द्यायच्या आतच ती वळली आणि चालायला लागली. तिची पिवळसर साडी रसवंतीच्या मागं दिसेनाशी झाली, आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं गाडी हलली.

मी तोवर पुष्कळ चित्रपट पाहिले होते. त्यांत निरोप द्यायला आलेलं माणूस गाडी नजरेआड होईपर्यंत जागचं हलत नसे, हात वर धरून उभं असे. माझी माय गाडीच्या आधी निघून गेली. तिला माझं जाणं आवडलेलं नाही, एवढाच अर्थ मी काढला. हा अर्थ खरा की खोटा, हे तिला विचारायला मला पुढच्या सगळ्या आयुष्यात जमलं नाही. या वर्षी ती गेली. विचारायचं राहूनच गेलं.

मी चित्रपटांवर लिहिते. एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत माझं सदर असतं. लोक विचारतात, ही आवड कुठून लागली? फिल्म सोसायटीचं नाव घेतलं की त्यांचं समाधान होतं. खरं उत्तर जरा लांबलचक आहे. तुमच्यापैकी जे गावाकडेच राहिले त्यांना ते माहीत असेल, आणि जे माझ्यासारखे उठून शहरात आले त्यांना कदाचित पटेल.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही मुखेडजवळच्या एका खेड्यात होतो. शेत स्वतःचं नव्हतंच, त्यामुळे पिकलं काय आणि करपलं काय, मजुरी बुडाली एवढंच आमच्यासाठी खरं. गावातल्या सगळ्या बाया मुखेडच्या रस्त्यावर खडी फोडायला जात. बाबा दुसरीकडे बंधाऱ्याच्या कामावर होते. शाळा नावालाच भरत होती, म्हणून मीही मायबरोबर जाऊन दगडांच्या सावलीत बसत असे.

मुखेडला बाजाराच्या मैदानात तंबूतली टॉकीज आली होती. प्रत्येकीनं जाऊन बघणं शक्य नव्हतं. तेव्हा बायांनी एक रीत पाडली. सगळ्यांनी मिळून एकीला पाठवायचं, आणि तिनं दुसऱ्या दिवशी कामावर सगळा चित्रपट सांगायचा. ती सांगत असताना तिची हातोडी बंद असे. तिच्या वाटची खडी बाकीच्या फोडत आणि तिच्या ढिगावर टाकत जात. जायचा मान दर वेळी मायलाच मिळे. ती चौथी शिकलेली होती, आणि एकदा ऐकलेलं गाणं ती विसरत नसे.

माझे पहिले चित्रपट मी असे पाहिले, म्हणजे ऐकले. पार्श्वसंगीत हातोड्यांचं. मायच्या शेजारी कौसामावशी बसायची. ती नात्यातली नव्हे, गावातली मैत्रीण. तिला नायकाच्या दुःखाशी काही देणंघेणं नव्हतं.

"हवेलीपुढं कारंजं हाय म्हणतीस?" ती मध्येच विचारायची. "अन् ते चालूच ऱ्हातंय?"

"चालूच ऱ्हातंय. रातंदिस."

"मेल्यांनो! अन् वर रडून राहिलेत. कशाचं दुःख हाय त्यांस्नी?"

पावसातलं गाणं आलं की बाया ते दोनदा सांगायला लावत. नायिका चिंब भिजून विरहानं तळमळते, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरत नसे. इतका पाऊस पडतोय आणि बाई नाराज!

मुकादम एकदा तरातरा आला. "काम करून राहिल्या का पिच्चर बघून राहिल्या?"

"दोन्ही," कौसामावशी मान वर न करता म्हणाली. "ढीग बघा, मग बोला."

त्यानं ढीग पाहिले. ते रोजच्यापेक्षा मोठेच होते. मग तो तिथंच काठी टेकून उभा राहिला, आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "मग त्या पोरीचं काय झालं म्हणल्या?"

जुन्या चित्रपटांबद्दलचं माझं मत या खडीवरच तयार झालं आणि नंतर शिकून फारसं बदललं नाही. त्यांची गती कष्ट करणाऱ्या हातांना मानवणारी होती. एक गोष्ट तीनदा सांगत, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष दोनदा दगडाकडे गेलेलं असणार. मरणारा माणूस मरायला फार वेळ घेई, पण तेवढ्यात ऐकणाऱ्याला आपलं माणूस आठवून घेता येई. आज त्यांना भडक, पसरट म्हणतात. मीही म्हटलं आहे. पण ते बोचकं बांधून घरी नेता येत असत, हा गुण मी नेहमी त्यांच्या बाजूला लिहिते.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्यांत माणसं लागली, आणि बाबांना शिपायाची नोकरी मिळाली. आम्ही नांदेड जिल्हा सोडून लातूरला आलो. तीन-चार वर्षांनी कौसामावशीही मुलामागं तिथंच आली, आमच्या गल्लीत.

स्टँडजवळच्या एका पानपट्टीवर कॉमिक्स भाड्यानं मिळत. छपाई अशी की ओठांचा लाल रंग गालावर सांडलेला असे. आकाशातून उडणारा तो ताकदवान माणूस माझा फार आवडता. मायनं एकदा भाकऱ्या थापताना ते पुस्तक माझ्या हातात पाहिलं आणि विचारलं, "ह्यो पाणी कवा पितो?" मी सगळं पुस्तक चाळलं. तो कुठंच पाणी पीत नव्हता. पण नंतर ती म्हणाली, "हे बरं हाय. पिच्चर आपल्यासाठी थांबत न्हाई. हे थांबतंय. भाकर उलटून आलं तरी ह्यो तिथंच उभा." कॉमिक्सबद्दल यापेक्षा नेमकं मी आजवर वाचलेलं नाही. दोन चौकटींच्या मध्ये जी पांढरी पट्टी असते ती वाचणाऱ्याच्या मालकीची. आता गुळगुळीत कागदावरची, जाड पुठ्ठ्याची चित्रकादंबरी पुण्याच्या दुकानात मिळते. चित्रं देखणी असतात. पण बरीचशी पुस्तकं ती पट्टीसुद्धा स्वतःच भरून टाकतात, वाचणाऱ्यानं उठून भाकर उलटावी एवढीही जागा ठेवत नाहीत.

पुण्यात सुरुवातीला माझ्या 'करून राहिले'वर लोक हसत. मी ते हळूहळू सोडलं. सदर मिळालं तेव्हा पहिल्याच महिन्यात मी एका जुन्या चित्रपटावर लिहिलं. गाव सोडून शहरात गेलेली मुलगी शेवटी पत्र्याची पेटी घेऊन परत येते, आई दार उघडते आणि काही न विचारता तिच्यापुढं ताट वाढते. त्या शेवटाच्या संयमावर मी भरभरून लिहिलं. आठवड्यात वाचकांची पत्रं आली. संपादकांनी बोलावून घेतलं.

"अहो, ती मुलगी शहरातल्या दवाखान्यात मरते. तुम्ही कुठला चित्रपट पाहिलात?"

"खडीवरचा," असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांना ते कळलं नाही, आणि मी ते समजावलंही नाही.

मी तो चित्रपट मिळवून पाहिला. मुलगी मरत होती. मग आणखी दोन मिळवले. त्यांतल्याही मुली कुणी नदीत, कुणी क्षयानं जात होत्या. मी मायला फोन केला. ती जराही ओशाळली नाही.

"मेलीच व्हती की ती. पण दगडं फोडणाऱ्या बायांना मेलेली पोरगी कशी सांगू? दुसऱ्या दिशी कामाला कोण आलं असतं? म्हणून घरी आणली. सगळ्याच पोरी घरी आणल्या म्या."

मी हसले, ती हसली. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य माझ्याजवळ राहिलं. घर सोडलेल्या मुलीसाठी मायकडं एकच शेवट होता: ती परत येते. मी परत गेले नव्हते. लग्न इथं, नोकरी इथं, कर्जाचा फ्लॅट इथं. दर सुटीत जायचे, चार दिवस राहायचे, निघायचे. "राहा की" असं ती कधीच म्हणाली नाही. ते तिचं न म्हणणं मला म्हणण्यापेक्षा जड वाटे.

एकदाच ती पुण्याला आली. मी तिला मॉलमधल्या थिएटरात नेलं. मागं रेलणारी खुर्ची तिनं रेलू दिली नाही. मध्यंतरात म्हणाली, "येवढा आवाज कामून? बहिऱ्यांसाठी हाय का?" आणि बाहेर पडल्यावर: "चांगला व्हता. पण हे मला कुणाला सांगता यायचं न्हाई."

यावर मी बराच विचार केला आहे, आणि इथं मी तिच्याशी पूर्ण सहमत नाही. सांगता न येणारे काही चित्रपट थोर असतात. त्यांत नुसता एक चेहरा असतो, खिडकीतला उजेड असतो. पण आजच्या पुष्कळशा चित्रपटांत सांगता येण्याजोगं काही मुळात नसतंच, नुसता वेग असतो, आणि वरून ड्रोननं दाखवलेलं हिरवंगार गाव. तरीही नव्यांचा एक उपकार मी मानते. पडद्यावर हो-नाहीला 'हाव' आणि 'न्हाई' म्हणणारं माणूस पूर्वी गडी तरी असे नाहीतर विदूषक. आता ते नायक असतं, आमच्यासारख्या घरातलं असतं, आणि थिएटरात कुणी हसत नाही. पहिल्यांदा तसं ऐकलं तेव्हा मी समीक्षेची वही मिटून नुसती ऐकत बसले होते.

माय गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सदर बंद ठेवलं. चित्रपट सुरू झाला की पाच मिनिटांत मला वाटे, हा पाहून करायचं काय.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे मायच्या स्मरणाच्या विधीला, बुद्धवंदना झाली, लोक जेवून गेले. अंगणात कौसामावशी आणि गल्लीतल्या दोन बाया उरल्या. मावशी आता फार थकली आहे, पण जीभ तशीच.

"तुझी बी ष्टोरी सांगायची की तुझी माय," ती म्हणाली. "टँकरच्या रांगंत. घागरी मांडून बसायचो तवा. आता हिला पगार वाढला, आता हिच्या नवऱ्याला सायंपाक जमाया लागला, आता हिचा फोटू पेपरात आला. लई रंगवून सांगायची बया."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "अन् शेवट?"

"त्योच तर सांगून राहिले. मीच म्हणले तिला, आता आण की घरी पोरीला. तुझ्या समद्या पिच्चरमधल्या येतेत, हिलाच कामून न्हाई? तर माझ्यावरच डाफरली. 'न्हाई म्हणजे न्हाई. त्या पोरींचं तिथं कुणी नव्हतं, म्हणून आणल्या. हिचं तिथं चांगलं चाललंय. हिला तिथंच ठिवायची.'"

"रागानं म्हणाली?"

"रागानं कशाला? घागर डोक्यावर घेता घेता म्हणली. अन् वर मलाच, 'तुला काय कळतंय पिच्चरमधलं!'"

बाया हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता रडले. माय गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. अंगावरचं ओलं, जड घोंगडं कुणीतरी काढून वाळत टाकावं तसं वाटलं.

मावशीनं मला पुरतं रडू दिलं. मग नाक पुसायला पदर दिला आणि म्हणाली, "बरं, आता तू सांग. नवीन काय आलंय?"

मी सांगायला लागले. कुठला तरी अलीकडचा, अर्धाच पाहिलेला. पहिली दोन वाक्यं पुण्याची आली, तिसऱ्यापासून 'करून राहिली', 'म्हणून राहिली' आपोआप येत गेलं. बाया तांदूळ निवडत होत्या, माझ्या वाटचेही. मी सांगत होते आणि माझ्यापुढं निवडायला कुणी काही ठेवलं नव्हतं.

सदर पुन्हा सुरू केलं आहे. बाबा आधीच गेले होते, त्यामुळे लातूरचं आमचं घर आता भाड्यानं दिलंय, मुखेडकडच्या खेड्यात तर आमचं काही नव्हतंच. घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी पुण्याचा पत्ता देते आणि आता तो देताना चाचरत नाही. रविवारी सकाळी चहा झाला की मावशीला फोन लावते आणि आठवड्याचा चित्रपट सांगते. ती फारसं बोलत नाही. दर दोन वाक्यांनी पलीकडून तिचा 'हं' येतो. तो आला की मी पुढं सांगते.